परवाची चाल

१४ जुलै, रविवार

सोडलं एकदाचं ते हॉस्टेल. विद्यानगरात भामाकाकूंच्या वरच्या खोलीत सामान टाकलं. घरात काकू आणि त्यांचे यजमान एकनाथराव, दोघंच. पिढ्यान् पिढ्या हैदराबादचे, तरी घरात मराठी बोलतात, म्हणून आई सांगलीत बसून खूश. मराठी कसली, त्यात निम्मी दखनी. हो म्हणायचं तर "हौ", नको म्हणायचं तर "नक्को". आई इथं असती तर दोन दिवसांत तिचीच जीभ वळली असती.

पहिल्याच दिवशी काकूंची एक थाप पकडली. खोलीला परवाच रंग दिलाय म्हणाल्या. भिंतीला हात लावला तर पोपडा हातात आला. मी बोलले काही नाही. बाबा एस.टी.त तिकीट तपासनीस. त्यांचं म्हणणं, माणूस पहिल्यांदा खोटं बोलला की लगेच धरायचा नाही, दुसऱ्या खोट्याची वाट बघायची. फार वाट बघावी लागली नाही. एकनाथराव सिकंदराबादला रेल्वेत होते. मी विचारलं, कधी निवृत्त झालात, तर म्हणाले, परवाच की. अहो, पंच्याहत्तरी उलटलेला माणूस! म्हणजे नोकरीला लागताना वय चोरलं असणार, सरळ आहे.

जेवताना काकूंनी त्यांच्या मराठी मंडळाच्या गणपतीचे व्हिडिओ फोनवर दाखवायला घेतले. नाच, नाट्यछटा, कुणाची तरी फिल्म, मग बक्षिसं. संपता संपेनात. मी हो हो करत अंबाडीची भाजी आणि भाकरी ओढली. भाजी फक्कड होती, त्यात खोट काढता येणार नाही.

अ‍ॅनिमेशनचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि अजून माझ्या फिल्मला विषय नाही. बाकी सगळ्यांना सुचलंय म्हणे. खरं सांगत असतील असं वाटत नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

सुचलं! डोकं धुताना सुचलं, तशीच साबणाच्या डोळ्यांनी बाहेर आले.

एक रुमाल. आमच्याकडं एस.टी.ची जागा धरायला खिडकीतून टाकतात तसला. बाईनं सीटवर टाकला आणि ती आलीच नाही. गाडी सुटते. मग रुमाल उठतो आणि तिला शोधायला निघतो. खालच्या दोन कोपऱ्यांवर चालतो. एका कोपऱ्याला गाठ आहे, त्यामुळं तो पाय जड. एक पाऊल टप् आणि दुसरं घसटत. कागदावर काढून बघितलं तर पहिल्या फटक्यात जमलं, जणू हाताला आधीच माहीत होतं. असं माझं कधी होत नाही. मी तर सरळ रेघही तीनदा खोडते.

चाल जमली की फिल्म जमली. ती एकदा बसवली की तीच फिरवून फिरवून वापरायची असते. प्रेक्षक हसतात चालीला आणि रडतातही चालीला. देवा, ही कुणाला दाखवायची नाही इतक्यात.

१९ ऑक्टोबर, शनिवार

माझ्या शेजारच्या टेबलावर संदेश बसतो. जामबागचा, वकिलांचं घराणं. वडील हिम्मतराव वकील, आजोबा वकील. वर्गात मराठी आम्ही दोघंच, म्हणून तो आपणहून बोलायला येतो. आज म्हणाला, "परवा तुमच्या सांगलीला गेलतो मी. मामाचं लगीन होतं. काय भडंग आहे गं तिथलं!"

परवा? परवा हा पोरगा दिवसभर माझ्या शेजारी बसून ढग रंगवत होता. तो आपला भडंगाचं कौतुक करतोय. कशासाठी खोटं बोलला असेल? सांगलीचं नाव काढून ओळख वाढवायची, आणखी काय. आणि कुणी मागून गेलं की स्क्रीन वळवतो. पाणी कुठंतरी मुरतंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

वर्गात चाल दाखवावी लागली. हर्षवर्धन सरांची शिस्त, प्रत्येकानं काहीतरी हलतं दाखवायचं. सर पुण्याचे, याच वर्षी विभागप्रमुख म्हणून आलेत. रुमाल दोन पावलं चालला आणि वर्ग हसला. सर म्हणाले, ह्याच्यात जीव आहे.

बाहेर संदेशनं गाठलं. हसत म्हणाला, तुझा रुमाल डिट्टो माझ्या दोस्तीसारखा चालतो की. दोस्तीसारखा का दोस्तासारखा, काहीतरी तसंच म्हणाला. त्याचा कुणी दोस्त लंगडत असेल बिचारा, त्यात हसायचं काय? मी म्हटलं, असेल. तर म्हणतो, चालू दे, दोघांची पण चालेल, दोघांचं वेगवेगळं आहे. काय वेगवेगळं, कुणाचं, काही कळलं नाही. हा मुलगा लाडीगोडी लावतोय.

८ जानेवारी, बुधवार

मार्चमधल्या शोची यादी लागली. निवडक फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवणार आणि स्टुडिओंची माणसं बघायला येणार. ज्यांना बोलावणं येतं ते तिथूनच येतं. बाकीचे मग लग्नांचे अल्बम करतात. माझा "रुमाल" आहे. खाली संदेश, फिल्मचं नाव "दस्ती". दोस्ती लिहायचं असणार. मात्रा द्यायचीही अक्कल नाही आणि निघाले फिल्म करायला.

त्याच्यावर घरून दडपण आहे म्हणे. शोमध्ये काही झालं नाही तर हिम्मतराव त्याला वकिलीला घालणार. हे त्यानं स्वतः सांगितलं. खरं किती धरायचं मला माहीत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आज सगळ्यांच्या कच्च्या फिल्म लावल्या. संदेशची सुरू झाली. एक शाळामास्तर, खडूनं हात पांढरे, खिशातून हात पुसायला रुमाल काढतात. इथं रुमालाला दस्ती म्हणतात, हे मला आज कळलं! मास्तर निवृत्त होऊन जातात आणि दस्ती बाकावर राहते. मग ती उठते आणि चालायला लागते. दोन कोपऱ्यांवर. एका कोपऱ्याला गाठ. टप् आणि घस.

माझी चाल. माझा रुमाल. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या शेजारी बसून उचलला. म्हणून स्क्रीन वळवत होता! वर्गात कुणी काही बोललं नाही, उलट हसले, टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना माहीत असणार. मी तडक उठून बाहेर गेले आणि बाथरूममध्ये रडले. संताप संताप झालाय. ह्याला सोडणार नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

सरांकडं गेले. सरांनी संदेशला बोलावलं. खोलीत आम्ही तिघंच, तिघंही मराठी, त्यामुळं बोलण्यात काही चुकायचं कारणच नाही.

मी माझं सगळं मांडलं. ऑगस्टमध्ये सुचलं, नोव्हेंबरात वर्गात दाखवलं, सगळ्यांनी बघितलं. मग सरांनी त्याला विचारलं, तू ही चाल कधी बनवलीस?

"परवाच बनवलोय सर."

सरांनी पुन्हा विचारलं, परवा? तर मान हलवून म्हणतो, "हौ सर, परवाच. हिला पण मी सांगितलतो."

मला हसूच फुटलं. परवा म्हणजे रविवार, सव्वीस जानेवारी! सुट्टीच्या दिवशी घरी बसून माझी चाल त्याच्या फिल्ममध्ये चिकटवली आणि वर तोंड करून सांगतोय. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोर सरळ बोंबलताना पहिल्यांदाच बघितला. सर म्हणाले, तुला कळतंय ना तू काय बोलतोयस? तो तिसऱ्यांदा म्हणाला, परवाच, सर, आणि मग माझ्याकडं बघितलं. मी हसत होते. त्यानंतर तो गप्पच झाला.

सरांनी त्याची फिल्म शोमधून काढली. कबुली दिलीस म्हणून प्रकरण वर नेत नाही, म्हणाले. तो बॅग उचलून गेला. असा कसा हा माणूस? खोटं तरी नीट बोलावं.

८ फेब्रुवारी, शनिवार

संदेश कॉलेजला येत नाही. त्याच्या टेबलावर कुणीतरी रंगांचे डबे ठेवलेत. माझ्याशी वर्गात कामापुरतं बोलतात. मी आले की बोलणं थांबतं. सगळे एकमेकांना सामील आहेत का काय?

फिल्म पुढं सरकतेय. रुमाल आता स्टँड ओलांडतो, पुलावरून जातो. चाल बघितली की पूर्वी मजा यायची, आता राग येतो. मी जिंकले, मग जेवण का जात नाही?

१६ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू.

सकाळी मी केस विंचरत होते. काकू दारात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. म्हणाल्या, परवा ह्या खोलीत तुझ्यासारखीच एक मुलगी होती, अशीच केस मोकळे सोडायची, आता तिची दोन लेकरं शाळेत जातात. इतके महिने गिळलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर आलं. म्हटलं, काकू, परवा ही खोली माझ्याकडं होती. परवा रंग दिला म्हणता आणि भिंत सोलतेय. काका परवा रिटायर झाले म्हणता आणि त्यांच्या कवळीलाच वीस वर्षं झाली असतील. माझ्याशी खोटं बोलून तुम्हाला मिळतं काय?

काकू आधी बावचळल्या, मग खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"अगं बाई, आमच्याकडं परवा म्हणजे तुमचं परवा नाही. इथले लोक परसों म्हणतात ना, तसं ते. काल सोडून मागचं सगळं परवा. माझं लगीन पण परवाच झालं की."

कंगवा हातातच राहिला. सांगलीचं लगीन. एकनाथराव. आणि सरांची खोली.

मी काकूंना सगळं सांगितलं, एका श्वासात, संदेश, दस्ती, चाल. त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, जामबागच्या वकिलांचा संदेश ना? त्याची ती चालणारी दस्ती आमच्या गणपतीत दाखवली होती की, तू यायच्या आधी दोन गणपती. पहिलं बक्षीस दिलं त्याला. खाली गेल्या, फोन घेऊन आल्या आणि व्हिडिओ लावला. मंडपातला पडदा, कुणाचं तरी डोकं मध्ये येतंय, आणि पडद्यावर दस्ती. टप् आणि घस.

मग काकू सहज म्हणाल्या, तुलाही दाखवलती की मी. आलीस त्या दिवशीच, जेवताना.

मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. मी बघतच नव्हते, मी भाकरी खात होते. पण मग ऑगस्टमध्ये पहिल्या फटक्यात कशी जमली? माझी कधी पहिल्यांदा जमते? काकू म्हणाल्या, होतं गं असं, कानावर पडलेलं गाणं नाही का आपण गुणगुणत. मला समजवायला म्हणाल्या असतील. किंवा खरंच तसं असेल. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरले आणि माझ्या डोळ्यात हे एवढं मुसळ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जामबागला गेले. खाली वकिलांची कचेरी, वर घर. दार हिम्मतरावांनीच उघडलं. मी संदेशच्या वर्गातली म्हटल्यावर पंखा लावला, बसा म्हणाले, आत चहा टाकायला सांगितला. मला वाटलं, आता हे उलटतपासणी घेणार. घ्यायलाच हवी होती. तर ते म्हणाले, पोरगं सांगत होतं, फिल्म कच्ची राहिली म्हणून सरांनी काढली; आता जूनपासून लॉ कॉलेज, तुमचा काय सल्ला?

त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. चोरीचा शब्दसुद्धा काढला नव्हता. मी म्हटलं, फिल्म कच्ची नाही, काका. एवढंच बोलता आलं.

संदेशशी गच्चीवर बोलले. परवाचं सांगितलं. आमच्याकडं परवा म्हणजे कालच्या आदला दिवस, तेवढाच. त्याला पटेचना. म्हणाला, मग मागच्याला काय म्हणता तुम्ही? मी म्हटलं, मागं, पूर्वी, गेल्या साली. मग कळलं, त्यानं इतके दिवस काय धरून ठेवलं होतं. त्याला वाटत होतं, त्यानं स्पष्ट सांगितलं की चाल जुनी आहे, आणि आम्हा दोघांना ते समजलं, आणि समजूनही आम्ही त्याला बाहेर काढलं.

"मी म्हटलं, हे दोघं महाराष्ट्रातले, एक झाले."

पुरावा दाखवायचा होतास, म्हटलं. कुणी मागितला? म्हणाला. आणि घरी का नाही सांगितलंस? तर बाबा कोट घालून कॉलेजात आले असते, म्हणाला, मग तुझं नाव निघालं असतं. तू इथं एकटी राहतीस. हे ऐकून मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की आधी संशयच आला, हा मुद्दाम चांगलं वागून मला लाजवतोय. माझं डोकंच तसलं. मग त्याच्याकडं नीट बघितलं. तो मला लाजवत नव्हता, त्याला नुसतं जायचं होतं तिथून.

चाल मी कुठं बघितली असणार, तेही सांगितलं. आणि नोव्हेंबरात तो दस्तीसारखा म्हणाला होता, ते मी दोस्तीसारखा ऐकलं, तेही. तो म्हणाला, सरांना सांगशील का? हो म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना परवाचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. काकूंच्या फोनवरचा व्हिडिओ दाखवला. सरांनी संदेशला तिथल्या तिथं फोन केला, माफी मागितली, त्याची फिल्म शोमध्ये परत घेतली. चांगला माणूस आहे, मान्य करते.

मग म्हणाले, तुझीही राहू दे. गोष्टी वेगळ्या आहेत, चालीसारखी चाल असते कधी कधी, मी काही बोलणार नाही. संदेशही चालतंय म्हणाला.

सुटकाच होती ती. गप्प राहिले असते की संपलं. स्टुडिओची माणसं येणार, आईबाबांनी शोची तारीख शेजाऱ्यांना सांगून ठेवलीय. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"सर, ती चाल माझी नाही. मी उचललीय. मुद्दाम नाही, पण उचललीच."

सर म्हणाले, मग चालीशिवाय काय उरतं तुझ्या फिल्ममध्ये? काही उरत नाही. सगळी फिल्म त्या दोन पायांवर उभी होती.

२ मार्च, रविवार

चालीचे सगळे शॉट काढून टाकले. नवी चाल बसवायला वेळ नाही आणि बसवली तरी ती टप् आणि घसच होते, हात ऐकत नाही. शेवटी रुमाल बसवूनच ठेवला. सीटवर. माणसं येतात, बघतात, पुढं जातात. कुणी उचलून बघतं आणि परत ठेवतं. गाडी रिकामी होते. एवढंच. मिनिटभराची फिल्म उरली, तिच्यात कुणी हसेल असं काही नाही. जागा धरायला ठेवलेला रुमाल उठून चालायला लागेल कशाला, हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

सरांनी ती शोमध्ये शेवटी घेतलीय. दया म्हणून घेतली असणार.

८ मार्च, शनिवार

झाला शो. "दस्ती"ला लोक चालीवर हसले, मास्तर गेल्यावर गप्प झाले आणि संपल्यावर उभे राहिले. हिम्मतराव पहिल्या रांगेत होते. ते कुणाला तरी वाकून वाकून सांगत होते की हा माझा मुलगा. एका स्टुडिओनं संदेशला सोमवारी बोलावलंय. माझ्या फिल्मला टाळ्या पडल्या, साध्या. एक बाई नंतर येऊन म्हणाल्या, तो रुमाल बसून राहिला ते बघवलं नाही. खोटं बोलत नसाव्यात.

गर्दी ओसरल्यावर संदेशजवळ गेले. अभिनंदन केलं आणि पुन्हा माफी मागितली. म्हटलं, एका शब्दाचा घोटाळा झाला, बघ ना, एक परवा, त्यानं केवढं रामायण. मला वाटलं तोही हसेल आणि संपेल. मनात मी ते संपवूनही टाकलं होतं.

तो हसला नाही. आवाजही चढवला नाही.

"शब्दाचं जाऊ दे शिल्पा. तो तुलाही माहीत नव्हता, मलाही नव्हता. पण मी सरांना तीनदा सांगत होतो, आणि तू माझ्याकडं बघून हसत होतीस. ते मला रोज दिसतं."

मग त्याला वडिलांनी हाक मारली आणि तो गेला.

रिक्षात बसून सगळा रस्ता मी उत्तर शोधत होते. कुणावर तरी ढकलता येईल असं काही सापडलं नाही, ना काकूंवर, ना सरांवर, ना दखनीवर. परवाचा अर्थ मला कळला नव्हता, हे खरं. पण हसले होते ते माझ्याच भाषेत.